नेत्याची मुलाखत तपासायची तर आधी प्रश्न लिहून घ्या

टीव्हीवर एखाद्या नेत्याची मुलाखत संपली की लगेच निकाल लागतात. "काय धुतला त्याला!" किंवा "एका प्रश्नाला दबला नाही बघ!" कोणता प्रश्न, असं विचारलं तर मात्र सांगता येत नाही. लक्षात राहिलेला असतो तो आवाज, टेबलावर आपटलेला हात, शेवटचा टोमणा.

माझं काम मुलाखतींच्या शब्दांकनाचं. हेडफोन लावायचा, दहा सेकंद ऐकायचं, थांबवायचं, टाइप करायचं, शंका आली की मागे जायचं. बहुतेक वेळा माझ्याकडे फक्त आवाज येतो, चेहरा नाही. त्यामुळे टीव्हीवर दणदणीत वाटलेलं उत्तर कागदावर आलं की दीड पान मजकूर दिसतो आणि प्रश्न जागच्या जागी असतो. उलटही होतं. अडखळत, "म्हणजे… बघा…" करत दिलेलं उत्तर कागदावर अगदी चोख निघतं. या कामातून जी पद्धत बसली ती सांगते. तिला राजकारणाचा अभ्यास लागत नाही. एक वही, एक पेन आणि मुलाखत थांबवता येईल अशी सोय लागते. थेट प्रक्षेपण पाहताय तर पाहा, पण गुण नंतर रेकॉर्डिंगवरून द्या.

वही आखणे

पान उभं दोन भागांत वाटा. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. अख्खं उत्तर लिहायची गरज नाही, एका ओळीत सार पुरे. प्रश्न मात्र शक्य तितका शब्दशः लिहायचा, आणि त्यातल्या प्रश्नार्थक शब्दाखाली रेघ मारायची: का, कधी, किती, कोणी, कुठून, हो की नाही.

ही रेघ सगळ्यात महत्त्वाची, कारण नेत्यांची बहुतेक कसरत याच शब्दावर होते. "पूल कधी पूर्ण होणार?" या प्रश्नाला पूल का गरजेचा आहे ते सांगितलं जातं. "किती जणांना नोकऱ्या मिळाल्या?" याला आधीच्या सरकारच्या काळात काय हाल होते ते ऐकायला मिळतं. "आदेश कोणी दिला?" याचं उत्तर घटना कशी दुर्दैवी होती, हे. विषय तोच राहतो, पूल, नोकऱ्या, आदेश, म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं की उत्तर चाललंय. फक्त "कधी"चं "का" झालेलं असतं.

हा केवळ माझा अनुभव नाही. टॉड रॉजर्स आणि मायकेल नॉर्टन या संशोधकांनी 2011 मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. प्रेक्षकांना एका वादसभेची चित्रफीत दाखवली. वक्त्याचं उत्तर सगळ्यांसाठी एकच, आरोग्यसेवेवरचं. प्रश्न मात्र बदलला: काहींना आरोग्यसेवेवरचा, काहींना अमली पदार्थांवरचा, काहींना दहशतवादावरचा. दहशतवादाच्या प्रश्नाला आरोग्यसेवेचं उत्तर आलं तेव्हा लोकांना खटकलं. अमली पदार्थांच्या प्रश्नाला आलं तेव्हा बहुतेकांच्या लक्षातच आलं नाही, कारण दोन्ही विषय जवळचे. त्याच अभ्यासात असंही दिसलं की चुकीच्या प्रश्नाला अस्खलित उत्तर देणारा माणूस लोकांना बरोबर प्रश्नाला अडखळत उत्तर देणाऱ्यापेक्षा जास्त आवडतो. यावरचा उपाय त्यांनीच तपासून पाहिला: उत्तर चालू असताना प्रश्न पडद्यावर लिहिलेला ठेवला की टाळाटाळ लोकांच्या लगेच ध्यानात येते. वाहिन्या तो लिहीत नाहीत. पडद्याच्या तळाशी आणि कडेला हवं नको ते सगळं सरकत असतं, विचारलेला प्रश्न सोडून. म्हणून तुमच्या वहीत तो हवा.

खुणा चारच

प्रत्येक उत्तरासमोर एक अक्षर. उ म्हणजे उत्तर मिळालं. अ म्हणजे अर्धं मिळालं. न म्हणजे उघडपणे नकार दिला. व म्हणजे वळवलं.

उ मिळायला उत्तर पटावं लागत नाही, हे आधी पक्कं करा. "होय, आम्ही कर वाढवणार" हे तुम्हाला आवडलं नाही तरी ते उत्तर आहे, त्याला उ द्यायचा. धोरण चांगलं की वाईट, ते मतदान करताना बघा. इथे एवढंच बघायचं की विचारलं ते सांगितलं का.

न बद्दल माझं मत जरा वेगळं पडतं. "याचं उत्तर मी आज देणार नाही, कारण वाटाघाटी चालू आहेत" असं कोणी म्हणालं तर अनेकांना तो पळपुटेपणा वाटतो. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. प्रश्न ऐकला, समजला, उत्तर देत नाही, कारण हे. कारण खरं की सबब, ते पुढच्या काही आठवड्यांत कळतंच. मी न ला अर्धे गुण देते. व ला शून्य.

आता व. टाइप करता करता काही वाक्यं इतकी ओळखीची झाली आहेत की पहिला शब्द ऐकला की बोटं पुढचं वाक्य आपोआप पुरं करतात:

"तो मुद्दा आहेच, पण खरा प्रश्न असा आहे की…" प्रवक्त्यांना आणि नेत्यांना माध्यमांसमोर बोलायचं प्रशिक्षण मिळतं, त्यातला हा पहिला धडा. प्रश्नाची दखल घ्या, पूल बांधा, आपल्या मुद्द्यावर उतरा. "पण" नंतर जे येतं ते घरून लिहून आणलेलं असतं.

"हाच प्रश्न तुम्ही विरोधकांना विचारलात का?" विचारला असेल, नसेलही. त्यांची मुलाखत होईल तेव्हा त्यांचं पान वेगळं.

"जनतेला यात रस नाही, जनतेला विकास हवा आहे." हे उत्तर नसून जनतेचं वकीलपत्र आहे, आणि जनतेने त्यावर सही केलेली नाही.

"मी ते वक्तव्य पाहिलेलं नाही." एकदा चालेल. पक्षाचा सगळ्यात वादग्रस्त माणूस आठवडाभर रोज बोलतोय आणि पक्षप्रमुखांनी त्यातलं एकही वक्तव्य पाहिलेलं नाही, असं असेल तर व.

"चौकशी चालू आहे", "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे". यात खरं-खोटं दोन्ही असतं. खटल्याच्या तपशिलावर बोलायचं नाही, हे बरोबर. पण "ते मंत्री पदावर राहणार का?" हा प्रश्न न्यायालयापुढे नसतो, तो नेत्याच्याच हातातला असतो. तिथे न्यायप्रविष्टची ढाल आली की व.

"याबद्दल मी पूर्वीच बोललो आहे." याला लगेच अक्षर देऊ नका, जागा रिकामी ठेवा आणि ते पूर्वीचं बोलणं शोधा. ऑक्टोबर 2007 मध्ये करण थापर यांनी नरेंद्र मोदी यांची मुलाखत घेतली, ती काही मिनिटांतच मोदी यांनी पाणी मागून थांबवली. त्यातलं पाणी आणि उठून जाणं सगळ्यांना आठवतं. प्रश्न होता 2002 च्या दंगलींतल्या हत्यांबद्दल खेद व्यक्त करण्याचा, आणि उत्तराचा आशय होता की जे सांगायचं ते त्या वेळी सांगितलं आहे, माझी तेव्हाची निवेदनं पाहा. म्हणजे पाहणाऱ्याचं काम स्पष्ट आहे: ती निवेदनं काढायची आणि विचारलेलं त्यांत सापडतं का ते बघायचं. कोणी ते करून उ देईल, कोणी व. पण ते न करताच दिलेला निकाल, दोन्ही बाजूंचा, मला मोजता येत नाही.

वळवण्याचा आणखी एक प्रकार एका उत्तरात दिसत नाही, पान भरलं की दिसतो. जानेवारी 2014 मध्ये अर्णब गोस्वामी यांनी राहुल गांधी यांची दीर्घ मुलाखत घेतली. प्रश्न वेगवेगळे होते, पण उत्तरं पुन्हा पुन्हा व्यवस्था बदलणं, माहितीचा अधिकार, महिला सक्षमीकरण यांवर जात होती. यातलं एखादं उत्तर सुटं ऐकलं तर वावगं काही नाही. उजवा रकाना वरून खाली वाचला की मात्र डावीकडे काहीही लिहिलेलं असो, उजवीकडे तेच तीन विषय. असा रकाना दिसला की त्याभोवती कंस करा. नेता तयारी करून आलाय, पण कोणत्या प्रश्नांची तयारी केली ते तोच ठरवून आलाय.

टाळाटाळ कोणा एका पक्षाची किंवा देशाची खासियत नाही. ब्रिटनमध्ये पीटर बुल आणि केट मेयर यांनी 1987 च्या निवडणुकीतल्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर आणि विरोधी पक्षनेते नील किनॉक यांच्या मुलाखती प्रश्नागणिक तपासल्या. दोघांनीही निम्म्याहून कमी प्रश्नांना सरळ उत्तरं दिली होती, आणि उत्तर न देण्याच्या तीसएक तऱ्हा त्यांना वेगवेगळ्या नोंदवता आल्या. तेव्हा तुमच्या पानावर निम्मे व आले तर दचकू नका. शून्य व आले तर दचका. एक तर प्रश्न गुळगुळीत होते, नाहीतर तुम्ही त्या नेत्याचे भक्त आहात.

प्रश्न विचारणाऱ्यालाही गुण द्या

डावा रकाना नेत्याचा नसतो, मुलाखतकाराचा असतो. तो आधी वाचा.

एका दमात तीन प्रश्न विचारले की नेता सोपा निवडतो आणि दोष त्याच्यावर जातो. असा प्रश्न दिसला की मी डावीकडे "तिहेरी" लिहिते आणि एकाचं जरी नीट उत्तर आलं तरी उ देते. "लोक म्हणतात की तुम्ही हुकूमशहा आहात" यात प्रश्नच नाही, टोमणा आहे. त्याला टोमण्याने उत्तर मिळालं तर व धरू नका, ती ओळ सोडून द्या. काही प्रश्न तर असे असतात की कोणतंही सरळ उत्तर नेत्याला बुडवतं: "तुमच्या पक्षाध्यक्षांपेक्षा तुम्ही जास्त लायक आहात का?" हो म्हटलं तर बंड, नाही म्हटलं तर कमकुवत. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जॅनेट बॅव्हेलास यांनी हेच मांडलं होतं: माणूस संदिग्ध बोलतो ते बहुधा खोटारडा असतो म्हणून नव्हे, सगळ्या सरळ उत्तरांचे परिणाम वाईट असतात म्हणून. असल्या सापळ्यातून नेता विनोद करून सुटला तर मी सुटू देते.

पण त्या कसोटीचा उपयोग जपून करा. "तुम्ही पैसे घेतले का?" हा सापळा नाही. ज्याने घेतले नाहीत त्याच्याकडे सरळ उत्तर आहे.

मुलाखतकाराचं खरं मोल पुरवणी प्रश्नात असतं. वळवलं गेलं तेव्हा तो परत आला का? याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण 13 मे 1997 चं. बीबीसीच्या न्यूजनाइटमध्ये जेरेमी पॅक्समन यांनी ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांना विचारलं की तुरुंग विभागाच्या प्रमुखाचा निर्णय डावलण्याची धमकी तुम्ही दिली होती का. हॉवर्ड सांगत राहिले की मला काय अधिकार होता आणि काय नव्हता. पॅक्समन तोच प्रश्न विचारत राहिले, बाराएक वेळा. प्रश्नार्थक शब्दाखाली रेघ मारण्याचं महत्त्व पटत नसेल तर ही मुलाखत शोधून पाहा: विचारलं "धमकी दिली का", उत्तर येतं "आदेश दिला नाही". यातली गंमत म्हणजे पॅक्समन यांनी पुढे सांगितलं की कार्यक्रमाचा पुढचा भाग तयार नाही असं त्यांच्या कानातल्या यंत्रातून कळलं होतं, म्हणून वेळ काढायला ते विचारत राहिले. कारण काहीही असो, डाव्या रकान्यात तोच प्रश्न एकाखाली एक लिहिलेला दिसतो आणि उजवीकडे व, व, व.

पुरवणी प्रश्नच नसेल तर नेत्याचा शांतपणा, हसू, आत्मविश्वास यांना काही किंमत देऊ नका. ज्याला कोणी अडवलं नाही तो अडखळला नाही, यात त्याचं कसब कुठलं?

मध्येच तोडण्याबद्दलही घाई नको. थॅचर यांना मुलाखतीत वारंवार तोडलं जायचं. का, ते जेफ्री बीटी या मानसशास्त्रज्ञाने तपासलं, आणि 1982 मध्ये 'नेचर'मध्ये त्याचा निबंध आला. वाक्य संपायच्या आधीच त्यांचा आवाज संपल्यासारखा खाली उतरायचा, त्यामुळे मुलाखतकाराला वाटायचं आपली पाळी आली. शब्दांकनात मला हे रोज भेटतं. दोघं एकदम बोलतात तिथे मी तीनदा मागे जाते, आणि अनेकदा दिसतं की उद्धट कोणीच नव्हतं. दुसरीकडे, नेत्याने "मला बोलू द्या, मला बोलू द्या" म्हणत मिळालेला वेळ त्या तक्रारीतच घालवला, हेही दिसतं. तोडल्यावर नेत्याला पुन्हा बोलायची संधी मिळाली का, आणि मिळाल्यावर तो प्रश्नाकडे आला का, एवढंच बघा.

चेहरा, घाम, थांबे

इथे मी थोडक्यात आटोपते, कारण लोक यावर गरजेपेक्षा जास्त बोलतात. नजर चोरली म्हणजे खोटं, नाकाला हात लावला म्हणजे खोटं, हे विसरून जा. चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी 2006 मध्ये अशा ढीगभर प्रयोगांचे निकाल एकत्र केले. माणसं खरं-खोटं ओळखण्यात सरासरी 54 टक्के वेळा बरोबर ठरतात. नाणं उडवलं तर 50. "संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के" हे वाक्यही कोणीतरी तुमच्या तोंडावर फेकेल. ते अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या छोट्या प्रयोगांतून आलं, आणि ते प्रयोग सुटे शब्द आणि आवड-नावड यांच्यापुरते होते. अर्थसंकल्पावरच्या मुलाखतीला ते लावणं म्हणजे निव्वळ थापा.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन यांच्या 26 सप्टेंबर 1960 च्या वादसभेचा दाखलाही नेहमी येतो. निक्सन नुकतेच गुडघ्याच्या दुखण्यासाठी रुग्णालयात राहून आले होते, पांढरे पडलेले, धड रंगभूषा न केलेले. टीव्ही पाहणाऱ्यांना केनेडी जिंकले वाटले आणि रेडिओ ऐकणाऱ्यांना निक्सन, ही कहाणी खूप सांगितली जाते. तिच्यामागचा पाहणीचा आधार फारच तोकडा आहे. चित्राचा प्रभाव पडतो, हे मात्र जेम्स ड्रकमन यांनी 2003 मध्ये तीच वादसभा नव्या, कोऱ्या प्रेक्षकांना दाखवून आणि ऐकवून तपासलं तेव्हा दिसलं. म्हणून माझा नियम: गुण देताना मुलाखत फक्त ऐका. फोन उलटा ठेवा, टीव्हीकडे पाठ करा, काहीही करा.

थांब्यांबद्दल एक तांत्रिक गोष्ट. नेता एका शहरात आणि मुलाखतकार दुसऱ्या शहरात असेल तर आवाज पोहोचायला क्षणभर उशीर होतो. त्या क्षणात नेता पडद्यावर गोंधळलेला, पकडला गेलेला दिसतो. तो फक्त ऐकत असतो. एकाच खोलीतल्या मुलाखतीतही प्रश्नानंतर दोन सेकंद विचार करणाऱ्याला मी कमी गुण देत नाही. अर्ध्या सेकंदात उत्तर सुरू करणाऱ्याकडेच मी जरा निरखून बघते.

सोप्या प्रश्नांकडे लक्ष

कठीण प्रश्नांची तयारी सगळेच करून येतात. उत्तरं सल्लागारांनी घासूनपुसून दिलेली असतात. नेत्याच्या डोक्यात खरंच काय आहे ते साध्या प्रश्नांत दिसतं.

1979 मध्ये सीबीएस या अमेरिकी वाहिनीच्या रॉजर मड यांनी एडवर्ड केनेडी (वरच्या केनेडींचे धाकटे भाऊ) यांना विचारलं, तुम्हाला राष्ट्राध्यक्ष का व्हायचंय? याहून सोपा प्रश्न त्या उमेदवाराला कोणी विचारूच शकत नव्हतं. केनेडी भरकटले. देशाची साधनसंपत्ती, लोकांचं शिक्षण, असं बरंच बोलले, पण "का" ला हात लागला नाही. 4 नोव्हेंबरला ती मुलाखत दाखवली गेली. पुढच्या वर्षी पक्षाची उमेदवारी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्याकडेच राहिली, त्याला इतरही कारणं होती, पण ते उत्तर केनेडी यांना कायमचं चिकटलं. 2008 मध्ये पत्रकार केटी कुरिक यांनी अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांना विचारलं की तुम्ही कोणती वर्तमानपत्रं आणि मासिकं वाचता. नाव एकही आलं नाही. सगळीच वाचते, समोर येईल ते वाचते, अशा थाटाचं उत्तर आलं.

हे दोन प्रसंग एकाच पिशवीत घालू नका. वर्तमानपत्राचं नाव न आठवणं ही त्या क्षणाची फजिती असू शकते. सत्ता कशासाठी हवी याचं उत्तर नसणं ही फजिती नव्हे. म्हणून वहीत "का" वाल्या प्रश्नांना मी दुप्पट गुण ठेवते.

सोप्या प्रश्नांत आणखी एक ऐकायचं: क्रियापदाचा कर्ता. यशाच्या वाक्यात "मी" असतो, "मी निर्णय घेतला, मी पाठपुरावा केला". अपयश आलं की "निर्णय घेण्यात आला", "प्रशासनाकडून राहून गेलं", "चूक झाली असेल". टाइप करताना हे फार डोळ्यांत भरतं, कारण "मी" एकदम पानावरून गायब होतो. जिथे गायब झाला तिथे फुली मारून ठेवा. "ती चूक माझी होती, मी तेव्हा अमुक समजलो" असं वाक्य क्वचित मिळतं. मिळालं तर त्याला मी पान दुमडून ठेवते.

आकडे: दोनच निवडा

मुलाखतीत वीस आकडे फेकले जातात. सगळे तपासायला बसलात तर दुसऱ्या दिवशी वही बंद होईल. ज्यावर नेत्याचा सगळा युक्तिवाद उभा आहे असे दोन निवडा आणि प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा: कशातले, कधीपासूनचे, मोजले कोणी.

"कशातले" याचा धडा ऑगस्ट 2020 च्या पत्रकार जोनाथन स्वान आणि राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या मुलाखतीत मिळतो. ट्रम्प यांनी कोविडचे तक्ते असलेले कागद पुढे केले. मृत्यूंच्या बाबतीत अमेरिका चांगल्या स्थितीत आहे असं त्यांवरून त्यांचं म्हणणं. स्वान यांनी कागद पाहिला आणि म्हटलं, तुम्ही बाधितांमध्ये मृत्यू किती ते सांगताय, मी लोकसंख्येत मृत्यू किती ते विचारतोय. आकडा बनावट असण्याची गरजच नव्हती, भागाकाराचा खालचा अंक बदलला की चित्र बदलतं. टक्केवारी ऐकली की पहिला प्रश्न हाच: कशाच्या टक्के? "दुप्पट झालं" ऐकलं की: किती वर्षांत, आणि सुरुवात किती लहान होती?

मुलाखतकाराने त्या क्षणी आकडा अडवला नाही म्हणून तो खरा ठरत नाही. वहीत त्यासमोर प्रश्नचिन्ह ठेवा आणि शांतपणे मूळ अहवाल शोधा. तपासून बरोबर निघाला तर तेही लिहा. हे लोक विसरतात.

किती दाखवलं, किती कापलं

पानाच्या डोक्यावर तारीख, कार्यक्रम, आणि मुलाखत थेट होती की चित्रित, स्टुडिओत की नेत्याच्या घरी, एवढं लिहा. चित्रित मुलाखत वाईट असते असं नाही. 1977 मध्ये ब्रिटिश मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्ट यांनी माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची मुलाखत घेतली तेव्हा सुमारे 28 तासांचं चित्रीकरण झालं आणि मे महिन्यात दीड-दीड तासाचे चार भाग दाखवले गेले. निक्सन यांना त्यासाठी 6 लाख डॉलर ठरले होते, वर नफ्यात वाटा. पैसे देऊन घेतलेली, कापून जोडलेली मुलाखत, आणि तरी त्यातूनच "राष्ट्राध्यक्षाने केलं म्हणजे ते बेकायदा नाही" या अर्थाचं विधान बाहेर आलं. पण ते इतक्या तासांच्या चिकाटीतून. नेत्याच्या सोयीने वीस मिनिटं मिळालेल्या मुलाखतकाराकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही, आणि गुण देताना त्याचा विचार व्हावा.

चाळीस सेकंदांची क्लिप आली तर तिला गुण देऊच नका. क्लिप जिथे सुरू होते त्याच्या आधीचं वाक्य म्हणजे प्रश्न, आणि कात्री बहुतेक वेळा तिथेच चालते. डावा रकाना रिकामा असेल तर उजव्यात लिहायचं काय? पूर्ण मुलाखत शोधा, नसेल तर सोडून द्या.

आपला माणूस

माझं आणि माझ्या दिरांचं राजकारण जुळत नाही. त्यावरून बरेच दिवाळी-शिमगे भांडणात गेल्यावर आम्ही एक सोय केली. त्यांच्या आवडत्या नेत्याच्या मुलाखतीचा डावा रकाना मी लिहिते, माझ्या आवडत्याचा ते लिहितात. प्रश्न काय होता यावर एकमत झाल्याशिवाय खुणा करायच्या नाहीत. मग दोघं वेगवेगळ्या खुणा करतो आणि जिथे अक्षरं जुळत नाहीत तेवढंच ऐकून पाहतो. मतं बदललेली नाहीत, दोघांचीही. पण "तुमचा तो तर काही बोललाच नाही" या वाक्याऐवजी आता "सातव्या प्रश्नाला तू उ कसा दिलास?" यावर भांडण होतं. या भांडणात चहा तरी गरम असतो.

घरात असा विरोधक नसेल तर शब्दांकनातली नावं खोडून दोन्ही बाजूंच्या नेत्यांची तीन-तीन उत्तरं एका कागदावर मिसळा आणि दुसऱ्या दिवशी खुणा करा. वाटतं तितकं हे सोपं जात नाही.

न दिलेल्या मुलाखतीचंही पान

शेवटी एक पान असंही ठेवा ज्यावर उत्तरं नाहीत. डिसेंबर 2019 च्या ब्रिटिश निवडणुकीत इतर पक्षांचे प्रमुख बीबीसीचे मुलाखतकार अँड्र्यू नील यांच्यासमोर बसले. पंतप्रधान बोरिस जॉन्सन बसले नाहीत. नील यांनी मग कॅमेऱ्याकडे पाहून, त्यांना काय विचारलं असतं ते सांगितलं. जॉन्सन ती निवडणूक मोठ्या बहुमताने जिंकले, त्यामुळे कडक मुलाखत टाळल्याने नेत्याचं नुकसान होतंच असं समजू नका. उलट सल्लागार हिशोब करूनच टाळायला सांगत असतील.

म्हणून जो नेता फक्त मऊ प्रश्नांच्या मुलाखती देतो, त्याच्या पाच गोड मुलाखतींना पाचदा गुण देऊन सरासरी फुगवू नका. कोणाकोणासमोर बसला, कोणाला नाही म्हणाला, नाही म्हणताना कारण काय दिलं आणि कोणत्या तारखेला, एवढं लिहून ठेवा. प्रचार तापला की तोच नेता "मी कुठल्याही प्रश्नाला कधीही तयार आहे" असं म्हणेल, तेव्हा ते वाक्य त्याच पानावर, त्या तारखांच्या खाली उतरवा.